मेहुण्यानं भिजत घातलेली खडी

दगडाला तहान लागते असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला मेहुणा म्हणून आला. माझ्या बायकोचा, कमलचा, थोरला भाऊ. ती त्याला दादा म्हणायची म्हणून मीही दादाच म्हणतो, वयानं तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान असला तरी. जन्मभर तो अंबरनाथच्या पलीकडे एका दगडखाणीवर खडी तपासायच्या कामाला होता. शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे सातवीच्या पुढे मास्तरांनी आम्हाला नेलं नाही. पण ट्रकमधून मूठभर खडी उचलून नुसती नाकाशी धरली तरी सांगायचा, "हा दगड पाणी पितोय, दाजी. कोणाच्या घरात जाऊ देऊ नका." वास घेऊन दगड ओळखणारा माणूस मला आधी खोटा वाटायचा. चाळीस वर्षं मी आनंदनगरच्या कारखान्यात लोखंड कापलं, पण लोखंड कधी हुंगलं नाही.

त्याच्या पँटीचे खिसे कधी धड नसायचे. खड्यांच्या वजनानं फाटलेले, वरून सुतळीनं शिवलेले. चालताना कुणी चिल्लर वाजवत येतंय असा आवाज यायचा, आणि आमच्या गल्लीतली कुत्री त्याला दगड मारणारा समजून लांबूनच वाट द्यायची. दुसऱ्यांचे मेहुणे बहिणीकडे येताना मिठाई आणतात, केळी आणतात, काही नाही तर वर्तमानपत्र तरी. हा साडीच्या दुकानाच्या पिशवीतून खडी आणायचा. दारात आला की जयभीम घालायच्या आधी विचारायचा, "दाजी, एखादी बादली रिकामी आहे का?" एकदा तर घरातल्या दोन बादल्या, एक कळशी, आंघोळीचा मग आणि माझ्या आईचं पितळेचं पातेलं एवढं सगळं त्यानं खडीनं भरून टाकलं, आणि मी कामावर आंघोळीशिवाय गेलो. कमल म्हणाली, "दादा, एवढ्या आंघोळी तू स्वतः केल्या असत्यास ना, तर आजपर्यंत तुला बायको मिळाली असती."

त्याची रीत अशी. खडी चोवीस तास पाण्यात ठेवायची. मग बाहेर काढून एकेक खडा मऊ फडक्यानं पुसायचा, अगदी न्हाणीतून काढलेलं तान्हं पोर पुसावं तसा. या कामासाठी कमलच्या जुन्या सुती साड्यांवर त्याचा डोळा असायचा. मी एकदा म्हटलं, "पंख्याखाली टाका की, सुकतील." तर असा बघायला लागला की जणू मी शिवी दिली. "अंगावरचं पाणी पुसायचं, दाजी, पण पोटातलं राहू द्यायचं. तेच तर मोजायचंय." मग वजन करायचं. मग तो दगड पार कोरडा करायचा, खाणीवर भट्टीत आणि आमच्याकडे तव्यावर, आणि पुन्हा वजन. जेवढा फरक तेवढं पाणी तो प्यायला. पण एवढ्यावर थांबला तर तो आमचा दादा कसला. पुन्हा भिजव, पुन्हा सुकव, असं दहा वेळा. चांगला काळा दगड दहा वेळा भिजला तरी ढिम्म असतो. कच्चा दगड तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुरकुरायला लागतो, सातव्या खेपेला नखानं निघतो आणि दहाव्याला बोटात पेढा होतो. दादा म्हणायचा की वरून काळेकुळकुळीत दिसणारे काही दगड पोटात हिरवट-तपकिरी चिकणमाती धरून असतात. पाणी लागलं की ती माती फुगते, सुकली की आकसते. फुग, आकस, फुग, आकस. केसाएवढी चीर पडते, त्या चिरेतून पाणी आणखी आत जातं, आणि दगड आतून सुटतो. "हातोडीला विचारून उपयोग नाही. कोरडा असतो तेव्हा प्रत्येक दगड पहिलवान असतो."

आता एक माझी फजिती सांगतो. कमल चुलत बहिणीच्या लग्नाला गेली होती, दादा आमच्याकडे मुक्कामाला होता. संध्याकाळी मी पाळी संपवून आलो तर लाइट गेलेली. ओट्यावर चाचपडलं, वाडग्यात काळे वाटाणे भिजत घातलेले हाताला लागले. म्हटलं चला, मेहुण्याला उसळ करून घालू. कांदा चिरला, मसाला परतला, वाटाणे टाकले, कुकर लावला. पाच शिट्ट्या झाल्या तेव्हा दादा बाहेरून आला. झाकण उघडलं तर वास एकदम झकास, आणि आत बारीक खडी, मसाल्यात माखलेली. मला वाटलं आता हा भडकणार. पण त्यानं खिशातली वही काढली आणि अगदी गंभीर तोंडानं विचारलं, "शिट्ट्या किती झाल्या?" मी म्हटलं, पाच. त्यानं ते लिहून घेतलं. मग एक खडा उचलून, मसाला चाटून साफ केला, दोन बोटांत दाबला आणि म्हणाला, "टिकली हो! माल पास." त्या दिवशी आम्ही दोघांनी पाव खाल्ला, त्याच खडीवरचा रस्सा लावून. कमलला हे कळल्यावर ती दोन दिवस हसत होती, मधेच भांडी घासताना पुन्हा हसायची.

त्याचं लग्न मोडलं तेही दगडापायीच. नेरळकडचं स्थळ होतं, मुलगी शिकलेली, घरचे चांगले. मी आणि कमल त्याला घेऊन गेलो. मुलीचा बाप नवीन घर बांधत होता आणि तेच दाखवून दाखवून दमला होता. पोहे आले, पाणी आलं. आम्ही बोलण्यात होतो, तेवढ्यात यानं अंगणातल्या ढिगातले दोन खडे उचलून पाण्याच्या ग्लासात टाकले आणि ग्लास समोर धरून बसला. मुलगी बाहेर आली तरी नजर ग्लासात. त्या खड्यांतून बुडबुडे निघत होते. बापानं विचारलं, "पाहुणे, पाण्यात काही पडलं काय?" तर हा म्हणाला, "पडलं नाही, टाकलंय. मुलगी पसंत आहे, पण तुमचा स्लॅब मला पसंत नाही." परतीच्या वाटेवर कमलनं त्याला सोलून काढला. हा आपला एकच धरून बसला, "अगं, त्या पोरीच्याच डोक्यावर पडला असता ना तो." पुढे कोणी स्थळ आणलं नाही. वांगणीला एका खोलीत एकटा राहिला, आणि सगळं जग म्हणजे खडी आणि बहीण.

वजनाचा काटा घ्यायला मीच त्याला उल्हासनगरला घेऊन गेलो होतो. दुकानदार सिंधी, त्यानं सोनाराकडचा जुना बारीक काटा काढून पुसून ठेवला आणि विचारलं, "क्या तोलेगा साईं, सोना?" दादा म्हणाला, "खडी." दुकानदारानं काटा पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला. "साईं, तेरे को काटा नहीं, डॉक्टर मांगता." दादानं तिथंच खिशातून दोन खडे काढले आणि त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी त्या माणसानं काटा दिला, वर दुकानाच्या मागच्या भिंतीला ओल येते ती बघायलाही आत नेलं. तिथंही यानं भिंतीचा टवका काढून खिशात टाकला.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत घर घेतलं ते याच्याच शब्दावर. बिल्डिंग अर्धी उभी होती. नदीचं पाणी भरतं म्हणून कमलनं पहिला मजला पकडला, आणि दादाला म्हणाली, "तू हो म्हटलास तर घेते." त्यानं तिथल्या ढिगातली खडी दहा वेळा भिजवली, दहा वेळा सुकवली, आणि मग हो म्हणाला. या घरात येऊन आता चौदा वर्षं झाली. कमलला किडनीनं नेली त्याला आता दीड वर्ष झालं. तिच्या पुण्यानुमोदनाला दादा आला, मागे भिंतीला टेकून बसला, जेवला नाही, गेला. त्यानंतर आलाच नाही. मीही बोलावलं नाही. बोलावून दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं की काय.

मग या पावसाळ्यात माझ्या स्वयंपाकघराचं छत फुटायला लागलं. वरच्या बिऱ्हाडानं त्यांच्या स्वयंपाकघरातच धुण्याची मोरी काढली होती, तिचं पाणी झिरपत होतं. आधी ओल आली. मग एक दिवस वरणात टपकन काहीतरी पडलं. सिमेंटचा तुकडा, उलट्या भोवऱ्यासारखा, खाली रुंद आणि वर निमुळता. वर बघितलं तर रुपयाएवढा खड्डा, आणि खड्ड्याच्या तळाशी तांबूस ओला दगड. नखानं खरवडला तर निघाला. आठवड्याभरात असे नऊ खड्डे झाले. सोसायटीनं इंजिनिअर बाई आणल्या. त्यांनी वर-खाली ठोकून पाहिलं, मशीननं सगळ्या मजल्यांवर गोल भोकं पाडून नमुने घेतले, आणि बाराही बिऱ्हाडांसमोर सांगितलं, "सळ्या ठीक आहेत. पण या छतातली खडीच खराब आहे. अशी खडी सगळ्या स्लॅबमध्ये असेल तर बिल्डिंग खाली करावी लागेल. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत पंधरा-वीस दिवस लागतील."

पुण्याहून पोराचा फोन आला. "पप्पा, सामान बांधा. मी येतो न्यायला." त्याचं घर चौदाव्या मजल्यावर. पोरगा चांगला, सूनही चांगली, तक्रार नाही. पण मला जायचं नव्हतं. इथं कुठलीही चौकट धरली तरी कमलचा हात लागलेला आहे. ओट्याची उंची तिनं गवंड्याशी भांडून स्वतःच्या कमरेएवढी करून घेतली होती, मला तिथं वाकून चहा करावा लागतो आणि कंबर दुखते. ती कंबर मला दुखवून घ्यायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

मी दादाला फोन केला. "खडी फुटतेय," एवढंच म्हटलं. दोन तासांत दारात हजर. या खेपेला त्यानं बादली मागितली नाही, स्वतःच्या तीन घेऊन आला होता. माझ्याकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेला, वर बघितलं आणि ओट्याला धरून खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं, प्यायला नाही. मग पिशवीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आत मूठभर तांबूस खडी, कोरडी.

"ही याच स्लॅबची आहे, दाजी," तो म्हणाला. "स्लॅब भरत होते त्या दिवशी मी वर होतो. चांगली खडी संपत आली, शेवटचा कोपरा राहिला होता, हाच. दुपारी एक दुसरा ट्रक आला. मला रंग आवडला नाही. मूठभर खिशात घातली. म्हटलं थांबवावं काम. तेवढ्यात कमलनं खालून हाक मारली, दादा, भाकरी निवतेय. डबा घेऊन आली होती ती. एवढी खूश होती. म्हटलं जेवून येऊन बोलू. वर आलो तर कोपरा भरून झाला होता. अजून कुठं कुठं टाकली, किती ट्रक आले, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

"मग भिजवून का नाही बघितली?"

"भिजवली असती तर कळलं असतं ना," तो म्हणाला.

सगळ्या जगाची खडी भिजवणारा माणूस. कोणाच्या घरचं पाणी प्यायला गेला तरी ग्लासात दगड टाकणारा. आणि बहिणीच्या घरची मूठभर खडी चौदा वर्षं डब्यात कोरडी ठेवून बसला होता. मला रागच आला. मी तोंडाचा फटकळ, मनात ठेवत नाही. म्हटलं, "दादा, तुम्ही गाढव आहात. तिला सांगितलं असतं तर ती चार शिव्या घालून मोकळी झाली असती. आता उठा आणि भिजवा."

उठला. मग पुढचे दिवस आमच्या बिल्डिंगमध्ये जे चाललं ते कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. इंजिनिअर बाईंकडून त्यानं मशीननं काढलेले उरलेले तुकडे मागून घेतले. प्रत्येक खोलीचा, जिन्याचा, प्रत्येक मजल्याचा तुकडा हातोडीनं हळूहळू फोडून त्यातली खडी वेगळी केली, आणि प्रत्येकाची वेगळी बादली. बादल्या पुरेनात, तर शेजाऱ्यांनी डबे, टोप, पोरांचा पोहायचा फुगवायचा टबसुद्धा दिला. जिन्यात खडूनं लिहिलेली नावं, दूधवाला दोनदा अडखळला. खालचा रिक्षावाला यायचा आणि म्हणायचा, "काका, माझ्या बेडरूमची पोरं आज काय म्हणतायत? सर्दी नाही ना झाली?" तिसऱ्या मजल्यावरची बाई रोज सकाळी गच्चीवर दादाबरोबर बसून खडे पुसू लागली. फडकी कमी पडली तेव्हा दादा माझ्याकडे आला, पण तोंडानं मागेना. मी कमलचं कपाट उघडलं, दोन सुती साड्या काढून दिल्या. त्यानं त्या फाडल्या नाहीत, मी फाडल्या. मी माझ्याच हातानं फाडल्या आणि बरं वाटलं, का ते विचारू नका.

डब्यातली खडी तिसऱ्या खेपेला कुरकुरली. सहाव्याला चिरली. आठव्याला दादानं एक खडा दोन बोटांत धरला आणि त्याचा गाळ झाला. माझ्या स्वयंपाकघराच्या तुकड्यातली खडीही तशीच गेली. आता फक्त बाकीच्या बादल्या राहिल्या होत्या. दहाव्या खेपेला सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली. दादानं एकेक बादली पुढे ओढली, खडे काढले, पुसले, वजन केलं, वहीत बघितलं. हॉल, काही नाही. बेडरूम, काही नाही. जिना, दुसरा मजला, तिसरा मजला. प्रत्येक खडा दाबून बघत होता, दाताखाली धरून बघत होता. शेवटची बादली झाली तरी तो गप्प. मी म्हटलं, "अहो, बोला की! माणसं श्वास रोखून उभी आहेत." तेव्हा तो म्हणाला, "एकच ट्रक होता, दाजी. एकच. कोपऱ्यापुरता." आणि तिथंच गच्चीवर बसून रडला, हातात फडकं घेऊन, तोंड त्या फडक्यात खुपसून. रिक्षावाल्यानं आधी टाळी वाजवली, मग थांबला, मग पुन्हा वाजवली.

आठवड्यानं बाईंच्या लॅबचा रिपोर्ट आला. तेच. फक्त माझ्या स्वयंपाकघराचा कोपरा तोडून नव्यानं भरायचा, वरची मोरी बंद करायची, बाकी बिल्डिंग धडधाकट. बाई दादाला म्हणाल्या, "काका, हीच चाचणी मीही करते, फक्त माझ्याकडे ओव्हन आहे." दादा लाजला. म्हणाला, "तव्याला कोणी विचारत नाही, मॅडम." पोराला मी फोन केला, येऊ नकोस म्हणून सांगितलं. नाही, ये, पण न्यायला येऊ नकोस. त्या दुपारी मी जेवून आडवा झालो तो थेट पाचला उठलो. महिनाभर असा झोपलो नव्हतो.

कोपरा भरायच्या दिवशी दादानं खडी स्वतः निवडून आणली. ठेकेदार वैतागला, "काका, तांदूळ निवडताय का?" म्हणून ओरडला, पण दादा हलला नाही. एकवीस दिवसांनी खालचे टेकू काढले. मग त्यानं आपल्या तीन बादल्या एकात एक घातल्या आणि निघाला. दारात चप्पल घालताना म्हणाला, "दाजी, येतो आता. कमल नाही, आता उगाच कशाला तुम्हाला त्रास."

"रविवारी मटण आणतोय," मी म्हटलं. "दहाच्या आत या."

"कमल नसताना?"

"कमल नसताना. आणि स्वयंपाक मीच करणार आहे, तेव्हा फार आशा ठेवून येऊ नका."

तो आला. बहिणीच्या घरी पहिल्यांदाच हात हलवत आला, खिसे सपाट. आम्ही नव्या छताखाली पाट टाकून समोरासमोर बसलो. मीठ जास्त झालं होतं, ते त्यालाही कळलं आणि मलाही. तिनं एका शब्दात सांगितलं असतं. आम्ही दोघांनी तसंच खाल्लं. तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायला थांबला, मी वाढलं. मधेच दोघांनीही एकदम वर बघितलं. वरून काही पडलं नाही.